मी फक्त चालले हो!

...आणि वर म्हणतात कसे, "सुचित्राताई, किती ब्रेव्ह हो तुम्ही!" ब्रेव्ह? अहो, मी काय सीमेवर जाऊन आले? विहिरीत उडी मारून कोणाचं पोर वर काढलं? लिफ्टमध्ये शिरले की आमची मलयाळी शेजारीण छातीवर हात ठेवते, "चेची, सो ब्रेव्ह!" ऑफिसात आमचा इजिप्तचा बॉस, जो एरवी 'यल्ला यल्ला, शिपमेंट कुठाय' याच्यापलीकडे बोलत नाही, तो खुर्चीतून उठून उभा राहिला, "माशाल्ला मॅडम, व्हेरी ब्रेव्ह!" आणि हळदीकुंकवाला एकीनं माझा हात हातात घेऊन डोळेच मिटले हो... जशी काही मी मोठ्या ऑपरेशनमधून वाचून आलेय! आणि मी केलं काय? चालले! पिवळा ड्रेस घालून, लोकांच्या समोरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत फक्त चालले हो!

थांबा, पहिल्यापासून सांगते. आम्ही राहतो शारजाला, अल मजाजमध्ये. वॉशिंग मशीनला चिकटून उभं राहिलं तर दोन टॉवरच्या फटीतून खालिद लगूनचं पाणी दिसतं, इतकं आमचं घर वॉटरफ्रंट आहे. माझा गुडघा दुखतो म्हणून डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. थंडीचे दिवस, ऊन उतरलेलं, पाणी असं गुलाबी झालेलं, पलीकडच्या मशिदीतून अजान येतेय... त्या वेळी तुम्हाला सांगते, माझं काय होतं कोणास ठाऊक, मी चालते ती इथे नसतेच. पाय लगूनच्या कडेनं, आणि मी कुठेतरी वरती, त्या पाण्यावरून, अगदी सावकाश... तर अशी तरंगत असताना मागून हाक, "मॅडम! मॅडम!" मला वाटलं ओढणी पडली. पर्स चाचपली, किल्ली चाचपली. बघते तर एक लेबनीज बाई, केस आखूड, चष्मा डोक्यावर, धापा टाकत, "मॅडम, युवर वॉक!"

माझ्या चालण्याचं काय?

म्हणे, "तुम्ही जहाजासारख्या चालता." आता हे कौतुक म्हणायचं की काय? कुठल्या बाईला जहाज म्हटलेलं आवडेल, तुम्ही सांगा! पण ती अगदी मनापासून, "स्लो, हबीबती, सो स्लो, सो शुअर!" अगं बाई, तो गुडघा आहे! पण तिला कोण सांगणार? तिचं नाव रीमा. कपडे डिझाईन करते. दुबईला अल कूझमधल्या एका गोदामात तिचा शो होता, आणि तिला नेहमीच्या मॉडेल नको होत्या. सगळ्या वयांच्या, सगळ्या रंगांच्या, सगळ्या मापांच्या बायका हव्या होत्या. मी म्हटलं, विचार करून सांगते. आणि घरी येईपर्यंत, खरं सांगू का, मनातल्या मनात चारदा चालून झालं होतं माझं!

घरी नवऱ्याला सांगितलं. नीलेश एसीच्या लाइनमध्ये आहे, कुठलीही बातमी आली तरी तो आधी ती थंड करतो. म्हणाला, "गुडघा सांभाळ." झालं! पण माझी लेक ईश्वरी... ती फॅशन डिझाईनच शिकतेय हो इथे, युनिव्हर्सिटीत. तिच्या कागदांवरच्या बायका बघितल्यात? नऊ फूट उंच, मान फ्लेमिंगोची, कंबर तर माझ्या मनगटाएवढी. आमच्या सात पिढ्यांत अशी बाई झाली नाही. कॉलेजच्या शोला हिनं स्वतः ड्रेस शिवला, सुंदर, निळा, आणि घातला कोणी? वर्गातल्या दुसऱ्या मुलीनं. मी म्हटलं, "तू का नाही घातलास?" तर म्हणाली, "इट वोन्ट फिट मी, मम्मा." स्वतः शिवलेला, आणि स्वतःला होत नाही! माझ्यासारखीच आहे ती. माझाच रंग, माझाच बांधा.  

तर तिला सांगितलं तशी ती म्हणाली, "मम्मा, इट्स टोकनिझम."

मी म्हटलं, "टोकन? दवाखान्यात देतात ते?"

"नो! एक डार्क घ्यायची, एक फॅट घ्यायची, म्हणजे कोणी कम्प्लेंट करत नाही. आणि तू तर टू-इन-वन आहेस, मम्मा. दे आर सेव्हिंग मनी!"

बघा आता! पण हसता हसता तिचा चेहरा बदलला. हळूच म्हणाली, "पीपल विल मेक मीम्स ऑफ यू. आय कान्ट वॉच दॅट." आणि खोलीत गेली. तुम्हाला सांगते, त्या दाराकडे बघत मी किती वेळ उभी होते. 'नको गं, नाही जात' असं म्हणायला तोंड उघडलं होतं मी. पण तोंडातून निघालं काय? "मी जाणार आहे." माझ्याच आवाजाला मी दचकले!

आणि मग पुढचे दिवस... काय सांगू! इन्व्हॉइस टाइप करतेय आणि मी रॅम्पवर. कुकरच्या शिट्ट्या होतायत आणि मी रॅम्पवर. समोर खुर्च्यांवर कोण कोण बसलेले दिसायचे मला! आमच्या शाळेच्या बाई, ज्यांनी नाटकात मला झाड केलं होतं. लग्नासाठी बघायला आलेली ती मंडळी, 'मुलगी हुशार आहे' एवढंच म्हणून गेलेली. आणि पहिल्या रांगेत माझी मावशी, जिनं मी सातवीत असताना जाहीर केलं, "हिला पिवळं नको गं, काळवंडते." झालं, तेव्हापासून माझं कपाट म्हणजे बिस्किटांचा डबा! बदामी, फिकट बदामी, गडद बदामी, आणि सणासुदीला क्रीम!

आणि रीमानं मला दिलं काय? पिवळं! लेमन नाही, फिकट नाही, ओल्या हळदीसारखं पिवळंधमक रेशीम, खांद्यापासून पायापर्यंत. मी म्हटलं, "रीमा, मला पिवळं चालत नाही." ती म्हणाली, "कोण म्हणालं?" मी म्हटलं, "मावशी." ती म्हणाली, "मावशी शोला येणारेत?"

शोच्या संध्याकाळी मला मेकअपच्या खुर्चीत बसवलं. मेकअपवाला अक्रम, लाहोरचा, गोड मुलगा. म्हणाला, "आंटी, बस थोड़ा ब्राइट कर देता हूँ." मी डोळे मिटले. अहाहा, तो ब्रश असा गालावरून फिरतोय, मी कुठल्या कुठे... डोळे उघडले तर आरशात माझी नणंद! तीच ती, गोरीपान, रत्नागिरीची! मी मागे वळून बघितलं, खरंच आली की काय! चेहरा नणंदेचा आणि मान माझी, मध्ये अशी बॉर्डर, चेकपोस्ट लावावं अशी! अक्रम बिचारा कानकोंडा, "आंटी, आपका शेड किट में है ही नहीं..."

शेजारच्या खुर्चीत अमना होती. सुदानची. उंच, शिडशिडीत, आणि काळी म्हणजे अशी लखलखीत काळी की मी बघतच राहिले. दिवसा दातांच्या दवाखान्यात नर्स, संध्याकाळी मॉडेल. ती म्हणाली, "खलास, अक्रम, पूस ते." आणि पिशवीतून स्वतःची बाटली काढली. म्हणे, "मी माझा रंग घरून आणते. कोणाकडेच नसतो." मग तिनं हाताच्या पाठीवर तिचं थोडं घेतलं, अक्रमचं थोडं घेतलं, बोटानं ढवळलं, माझ्या गळ्याशी धरून बघितलं, परत थोडं घातलं, परत ढवळलं... आणि झाला हो! माझा रंग झाला! पन्नाशी उलटली माझी, क्रीमं, उटणी, काय काय थापलं लोकांनी माझ्या तोंडाला, पण माझा रंग आहे तसा कोणी बसून तयार केला नव्हता. डोळे भरून आले. अक्रम ओरडला, "आंटी, रोना नहीं, लाइनर है!"

मी अमनाला म्हटलं, तुझं बरं आहे गं, तू बारीक आहेस. तशी ती हसली, "मला सगळे म्हणतात खा. तुला म्हणतात खाऊ नको. आणि मला प्रत्येक शोमध्ये चित्त्याचे ठिपके घालायला देतात! एकदा तरी गुलाबी द्या ना, मी काय झाडावरून उतरलेय?" त्या दिवशी रीमानं तिला गुलाबी दिलं होतं. ती पुन्हा पुन्हा खाली बघून त्यावरून हात फिरवत होती, लहान मुलीसारखा.

आणि मग माझं नाव आलं.

दिवे एवढे की समोरची माणसं दिसतच नव्हती. खुर्च्यांच्या जागी नुसता काळोख, मऊ, पाण्यासारखा. ऊद, म्हणजे ते अरबी तंतुवाद्य हो, वाजत होतं, संथ. मी पाय टाकला. गुडघा म्हणाला, सावकाश. मी म्हटलं, हो रे बाबा. पिवळं रेशीम माझ्या पुढे अर्धं पाऊल, मागे अर्धं पाऊल, जसं काही मी चालत नाहीये, तेच मला नेतंय... मावशी नव्हती, बाई नव्हत्या, बघायला आलेली मंडळी नव्हती. कोणीच नव्हतं हो! नुसता उजेड आणि त्यात मी, आणि माझं सगळं वजन, पोटासकट, दंडांसकट, असं माझ्याबरोबर चाललेलं, कुठे लपवायचं नाही, आत ओढायचं नाही... टोकाला पोचले, वळले, तेव्हा काळोखात मागच्या भिंतीशी दोन आकृत्या दिसल्या. एक नीलेश. छताकडे बघत होता. नंतर म्हणाला, "एसीचं डक्टिंग चांगलं केलंय." आणि दुसरी ईश्वरी. आलीच होती! दोन्ही हात तोंडावर, आणि बघत होती. डोळे न हलवता बघत होती.

एवढंच केलं मी. चालले!

पण लोक सोडतात का? कोणीतरी फोटो टाकला आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर. आधी फुलं, टाळ्या, 'ब्रेव्ह, ब्रेव्ह'. मग आल्या संजना मॅडम. डिस्कव्हरी गार्डन्समध्ये ग्रूमिंगचे क्लास घेतात. त्यांनी लिहिलं, "अभिनंदन सुचित्राताई, पण मॉडेलिंग हा व्यवसाय आहे. मुली त्यासाठी वर्षानुवर्षं मेहनत करतात. उद्या कोणीही उठून रॅम्पवर चालायचं का? लिफ्टमध्ये रोज दिसतं तेच बघायला शोला कशाला जायचं? फॅशन म्हणजे स्वप्न!"

तुम्हाला सांगते, मला थोडं पटलं! मेहनत तर करतातच ना मुली? पण 'लिफ्टमध्ये रोज दिसतं तेच' हे बोचलं. म्हणजे स्वप्नात आम्ही यायचंच नाही? आमच्या स्वप्नातसुद्धा आम्ही नाही?

मग काय, पेटलंच! एक म्हणतो, "हेल्थचं काय? जाडीला प्रोत्साहन देणार?" एक बारीक बाई चिडली, "आणि आम्हाला 'काडी' म्हणता, 'नवरा खायला देत नाही का' विचारता, ते चालतं?" बरोबर होतं तिचं! एक म्हणे, "हल्ली काळ्या रंगाला डिमांड आहे." आणि एका महाशयांनी अमनाचा फोटो टाकून लिहिलं, "या आफ्रिकन मुलीला तो रंग शोभतो, आपल्या लोकांना शोभत नाही." शोभत नाही? अहो, रंग काय मी भाड्यानं आणलाय, परत करून येऊ? मी टाइप केलं, खोडलं. परत टाइप केलं, परत खोडलं. शेवटी फोन पालथा घातला आणि पोळ्या लाटायला घेतल्या. म्हटलं, मरू दे. चालून झालं ना?

आणि फोन वाजला. बघते तर ग्रुपवर ईश्वरी! तिला त्या ग्रुपात गणपतीच्या डान्ससाठी घेतलं होतं, तेव्हापासून एक अक्षर लिहिलं नव्हतं तिनं. आणि मराठीत! माझी लेक, जी 'पाणी दे' सुद्धा इंग्रजीत म्हणते, तिनं देवनागरीत लिहिलं होतं...

"माझा आई काळा आहे. माझा आई जाडा आहे. मी पण आहे. आम्ही छान दिसतो. तुम्हाला काय प्रोब्लेम आहे?"

पीठ लागलेल्या हातात फोन धरून मी तिथेच खाली बसले. पोळी करपली. 'मी पण आहे.' एवढं तिनं घरात कधी म्हटलं नव्हतं हो, मला नाही, बापाला नाही, आणि तिथे सगळ्यांसमोर... ती खोलीतून आली, दारात उभी राहून म्हणाली, "वॉज इट ओके, मम्मा?" मी म्हटलं, "एकदम करेक्ट." तिला जवळ घेतलं, तिच्या काळ्या टी-शर्टवर माझे पिठाचे दहाही बोटांचे ठसे. मग दोघी फोनकडे बघत बसलो. ग्रुप गप्प. सगळे टायपिंग... टायपिंग... मला वाटलं, आता माफी मागणार. निदान संजना मॅडम तरी!

आला त्यांचा मेसेज. "बाळा, 'माझा आई' नाही, 'माझी आई'."

लगेच दुसरे, "आणि 'काळा' नाही, 'काळी'. विशेषण बदलतं."

तिसरे, "'जाडा' चूक. 'जाडी'. किंवा 'जाड'. दोन्ही चालतं."

चौथे, "'प्रोब्लेम' नव्हे, 'प्रॉब्लेम'. खरं तर 'अडचण' म्हणावं." त्यावर दोघांचं वाजलं. मग ते महाशय, शोभत नाही वाले, त्यांनी सगळं नीट करून, पूर्णविराम देऊन, स्वच्छ लिहून काढलं, "सुचित्राताई काळी आहे, जाडी आहे." त्यावर संजना मॅडम, "'आहेत'. आदरार्थी." आणि मग धडाधड अंगठे वर! सगळ्यांचे! अहो, जे मंडळ दिवाळीच्या फराळात चकली की कडबोळी यावर आजवर एक झालं नाही, त्याचं एकमत झालं... सुचित्राताई काळ्या आहेत, जाड्या आहेत, आदरार्थी!

ईश्वरी तर हसून हसून सोफ्यावरून खाली पडली. आणि मी खाली-वर करत बघतेय, आपल्या बाजूनं एक तरी माणूस अंगठा न देता बसलाय का... तर अंगठ्यांच्या रांगेत सगळ्यात पहिला अंगठा आमच्या नीलेशचा!