मरताना कामाला येईल असा धर्म

(वनिताबाई, खारी गाव, भाईंदर पूर्व. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांची सेवा करण्यात त्यांची वीस-बावीस वर्षं गेली. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं.)

मी मूळची गुहागरकडची. लग्न झालं तशी भाईंदरला आली ती आजवर इकडेच. नवरा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला होता. खारीत एका आगऱ्याच्या चाळीत खोली घेतली, तेव्हा मागच्या दारातून मिठागराचं पाणी दिसायचं, आता चारी बाजूंनी बिल्डिंगी झाल्यात आणि आमची चाळ मध्ये खड्ड्यात बसल्यासारखी झालीय. मालक भला माणूस, कधी निघा बोलला नाही. नवरा छातीच्या आजाराने गेला, ती पॉलिशची भुकटी जाते ना नाकातोंडात. त्याच्या आधी पोरगी गेली. तिचं सांगते, पण जरा थांबा, एकदम तिच्यावर येता येत नाही मला.

नवरा गेल्यावर मी आजाऱ्यांसाठी बायका पुरवणाऱ्या ब्युरोत नाव घातलं. आमचं काम म्हणजे काय, आजारी माणसाला पुसून काढायचं, डायपर बदलायचं, नळीतून पातळ भरवायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची नाहीतर पाठीला जखमा होतात. शिक्षण लागत नाही, किळस नसली म्हणजे झालं. सगळ्या जातीधर्माच्या घरात राहिली मी. मिरा रोडला एका मुसलमान चाचांकडे दोन वर्षं, भाईंदर पश्चिमेला एका जैन आजींकडे, त्यांना सगळे बा म्हणायचे, आठ महिने, मराठी घरं तर किती केली. लोकं धर्म देवळात बघतात, मी पलंगाशी बघितला. तुम्ही मघाशी विचारलंत ना, देव मानत नाही मग धर्म कोणता घ्यावासा वाटतो, तर हसू नका, मी खरंच त्याचा विचार केलाय. एकदा घ्यायलाही निघाली होती.

देव मानत नाही ते पोरीपासून. रसिका तिचं नाव. अकरा वर्षांची. ताप आला, उतरेना, प्लेटलेट का काय त्या खाली गेल्या, दवाखान्यात नेली. मी त्या पाच दिवसांत कोणाला सोडलं नाही बघा. देवीला ओटी बोलली, दर्ग्यात चादर बोलली, चर्चच्या बाहेर मेणबत्ती लावली, तिघांपैकी एकाने तरी ऐकायचं. सहाव्या दिवशी सकाळी गेली. तिला घरी आणलं, आणि उचलली तेव्हा मी मागे धावली तर दिरांनी मला गल्लीच्या तोंडाशी अडवलं, बायका पुढे येत नाहीत वहिनी, बोलले. मी बोलली माझी पोरगी आहे, तिला एकटीला भीती वाटते. बायकांनी धरून ठेवलं मला. नवरा परत आला, अंगण शिंपलेलं होतं, आंघोळ केली त्याने, आणि मी विचारलं, कशी होती शेवटी, तर तो टॉवेल घेऊन आत गेला. मरेपर्यंत सांगितलं नाही त्याने. चौदाव्या दिवशी घरातले देवांचे सगळे फोटो पिशवीत भरले आणि पिंपळाखाली ठेवून आली. राग नाही हो. राग असेल तर समोर कोणी आहे असं होतं ना. कोणी नाहीच.

तर टीचर. उत्तनकडच्या ख्रिश्चन, शाळेत शिकवायच्या, नवरा वारलेला, मुलगी लोर्ना कॅनडाला. नवघर रोडला फ्लॅटमध्ये एकट्या असायच्या, मला सकाळी आठ ते रात्री आठ ड्युटी, रात्रीची बाई वेगळी. बोलणं त्यांच्या गावचं, हाय न्हाय करून, आणि जीभ चाकूसारखी. पहिल्याच दिवशी मला बोलल्या, तू भितीवरच्या येशूकडं बघत न्हाईस, भांडान हाय काय? मी बोलली, ओळख नाही. ते त्यांना आवडलं.

एकदा त्यांचे पाय पुसत होती तर टीचर बोलल्या, वनिते, माजे पाय सोड, तुजे बघ. मी खाली बघितलं. पाय सुजलेले. बोटाने दाबलं तर खड्डा पडला आणि तो लवकर भरून येईना. काय सांगू तुम्हाला, हा खड्डा मी किती जणांच्या पायावर बघितलाय, आणि पुढे काय काय होतं ते सगळं मला पाठ आहे. सरकारी दवाखान्यात गेली, डॉक्टरीण बोलली हृदय मोठं झालंय, पंपिंग कमी आहे, वजन उचलू नका. मी बोलली माझं कामच माणसं उचलायचं आहे.

टीचरना सांगितलं. त्या बोलल्या, तुज्याकडं कोण हाय? कोणी नाही. दीर? त्यांचं नाव नको. मग त्या उशीला टेकून बसल्या, मास्तरीण वर्गात बसते तशा, आणि बोलल्या, तुला न्हाय पटत तर नको पटूं दे, पन एक धरम घेऊन ठेव. मरताना कामाला येतो.

आणि मग आम्ही दोघी रोज त्याच्यावरच बोलायचो. भाजी घ्यायला बसावं तशा बसायचो, हा घे, तो नको. जैनांचं मला चांगलं वाटायचं, बा आजारी होत्या तर बिल्डिंगीतल्या बायका येऊन स्तवन म्हणायच्या, कधी खाडा नाही. मलाही बांच्या सुनेने सांगून ठेवलेलं, वनिताबेन, दर कलाके कानमां नवकार बोलजो, तो त्यांचा मंत्र मी आठ महिने तासातासाला बांच्या कानात बोलली, त्यात बांचा चेहरा शांत व्हायचा ते मी बघितलंय. पण मला सुक्या मच्छीशिवाय जेवण जात नाही, टीचर बोलल्या मग तो विषयच सोड. चाचांचं सांगितलं. चाचा गेले तेव्हा रस्त्यावरची, ओळख ना पाळख, माणसं येऊन खांदा द्यायला लागली, चार पावलं चालायची आणि दुसऱ्याला द्यायची. असं मी कुठे बघितलं नाही. पण चाची वर खिडकीत उभ्या होत्या, खाली आल्या नाहीत, आणि त्यांना बघून मला आमची गल्ली आठवली. मी टीचरना बोलली, मला असला धर्म सांगा ज्यात आई शेवटपर्यंत जाते.  टीचर बोलल्या, आमच्यात आवय खड्ड्यापरत जाते, माती पन घालते. कोन अडवत न्हाय.

तेव्हा माझं ठरलं. देवासाठी नाही. माती घालायला देतात म्हणून.

टीचरच्या चर्चच्या बायका दर आठवड्याला यायच्या, आजाऱ्यांकडे बसायचं हे कामच असतं त्यांचं. टीचर बोलल्या, तू आमच्यात ये, या बायका तुज्या खोलीवर येतील, मी सांगून ठेवते. बदल्यात एक कर. लोर्ना काय वेळेवर पोचत न्हाय. मी जाईन तवा माज्या कानाशी तू आमची माळेची प्रार्थना म्हन, मराठीत, माजी आवय म्हनायची तशी. मी बोलली, मी मानत नाही, माझ्या तोंडून चालेल? त्या बोलल्या, मानायचा ता मी मानीन, तू नुसता म्हन.

दोन महिने त्यांनी मला शिकवलं. सकाळी अंग पुसून झालं की वर्ग सुरू. चुकलं की परत पहिल्यापासून. मला सगळं पाठ झालं, बसमध्ये म्हणायची, भांडी घासताना म्हणायची. फादरांकडेही जाऊन आली, चांगला माणूस, चहा दिला, बोलला घाई नाही, शिकायला वर्षभर यावं लागेल, आणि विश्वास आहे का? मी बोलली नाही. तो बोलला, मग येत राहा. मी जात राहिली, चार रविवार गेली.

मग तो दिवस. दुपारी दोनची वेळ, मी पेज भरवायला घेतली तर त्यांनी तोंड मिटलं. श्वास तुटक व्हायला लागला, नखं निळी. डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं की आता हलवू नका, लोर्नाने पण तेच सांगितलेलं. मी तिला व्हिडिओ कॉल लावला, फोन तांब्याला टेकवून ठेवला, ती नुसती ममा ममा करून रडत होती. मी टीचरचा हात घेतला, कानाशी वाकली. आणि तोंड उघडलं तर बांचा नवकार बाहेर आला.

मला कळत होतं हो. कळत होतं की हे ते नाही, पण जीभ आठ महिने ज्या वाटेने गेली त्याच वाटेने निघाली, आणि थांबून टीचरची माळ आठवायला गेली तर डोक्यात काही नाही, पाटी कोरी. थांबली तर टीचरचा श्वास थांबेल असं वाटलं म्हणून मी परत तेच म्हटलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, तीन वेळा, चार वेळा. आणि तेव्हा त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. कसं बघितलं ते सांगता येत नाही, रागाने का आणखी कसं, मी ते रोज ठरवते आणि रोज मोडते. मग गेल्या.

लोर्ना तीन दिवसांनी आली. चर्च झालं, मग दफनभूमीत, आणि मी गेली शेवटपर्यंत, कोणी अडवलं नाही. मूठभर माती घेतली, घातली, आणि मला असं रडू आलं की बायकांनी धरलं मला. सगळ्यांना वाटलं टीचरसाठी. लोर्ना जवळ आली, मोडक्या मराठीत बोलली, आंटी, तुम्ही लास्टला प्रेयर म्हटलीत, मला वर्ड्स कळले नाही पण ममाला पाहिजे होतं ते मिळालं, थँक यू, आणि टीचरची माळ तिने माझ्या हातात दिली. मी घेतली. नाही कशी बोलू? तिला काय सांगू?

त्यानंतर मी चर्चला गेली नाही. फादरांचा निरोप आला, त्या बायकांचा फोन आला दोनदा, कशा आहात, येऊ का बघायला. मी उचलला आणि गावी आहे बोलली. खोटं. त्या येऊन बसतील कशाच्या बदल्यात, तर जे मी केलं नाही त्याच्या. मी मलाच समजावते, अगं कोणी ऐकणारा नाही असं तूच म्हणतेस ना, मग चुकीचं म्हटलं तर बिघडलं कुठे? नाही बिघडलं. पण टीचर मानत होत्या. त्यांनी ऐकलं. मानायचं ते मी मानीन बोलल्या होत्या, आणि मी त्यांच्या हातात भलतंच ठेवलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, तुम्हालाच सांगितलं.

आता ड्युटी बंद झालीय. आडवी झाली की धाप लागते, दोन उशा लागतात झोपायला, पुढे तीन लागतील, मग बसूनच. मला माहिती आहे सगळं, मी दुसऱ्यांना हेच सांगायची, घाबरू नका, असंच असतं. धर्म काही घेतला नाही, राहून गेला. आता कोणता घेशील विचारलंत तर कोणताही, ज्यातलं कोणीतरी दार लोटून आत येईल.

तुम्ही हे तिसऱ्यांदा आलात. माझ्याकडे इतका वेळ कोणी बसलेलं नाही, पोरगी गेल्यापासून तर नाहीच. म्हणून एक केलंय मी, रागावू नका. समोरच्या खोलीत ती यूपीची नवी सून आहे ना, तिच्या भिंतीवर तुमचा नंबर लिहून ठेवलाय. तिला बोलली, कुछ हुआ तो इनको फोन करना. ती बोलली, कौन लगते हैं आपके? मी बोलली, आते हैं. तुम्ही यायलाच पाहिजे असं नाही, कामं असतात तुम्हाला, घरदार आहे, देव तुमचं भलं करो असं बोलायची माझी सवय गेलीय, पण भलं होऊ दे तुमचं. आलातच तर जरा कानाशी बसा. काय म्हणायचं ते आठवलं नाही तर तोंडात येईल ते बोला, कोणाचंही असू दे. मी डोळे उघडून बघणार नाही.