कोंबडी सांभाळणारे पाळकसाहेब

चहा निवण्याआधी आमच्या पाळकसाहेबांचे एक सांगते. आमच्या पनवेलच्या चर्चमध्ये कापणीच्या सणाला लोक तांदूळ, भाजी, कोंबड्या अर्पण करतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. यंदा त्या दिवशीचा मानाचा उपदेश साहेबांनी आपली तरुण मदतनीस मार्था हिला दिला. तिचा तो पहिलाच. "अडखळली, तर पुन्हा उभी करायची नाही," असे पंचमंडळींनी बजावले होते.

मार्थाने तोंड उघडले, आणि आपटा गावाहून अर्पणाला आलेल्या कोंबडीनेही उघडले. मागून कुणी म्हणाले, "दोगींतली येक तरी गप बसल का नाय?" मार्था पांढरीफटक पडली. साहेब शांतपणे उठले, कोंबडी उचलली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. मग मार्था अशी बोलली, की पंचांनी नाताळचा उपदेशही तिच्याकडेच सोपवला.

मी मात्र पायरीवर जाऊन साहेबांना सुनावले, "ऐन सणाला आपण कोंबडी राखत बसावे, हे पदाला शोभते का?"

मांडीवरची कोंबडी जागी होऊ नये, म्हणून ते हळूच म्हणाले, "बाई, माझ्या उपदेशाला सारी मंडळी झोपते. आज एकटी हीच झोपली."