मासुंद्यावरचा नवा पक्षी

एकोणीसशे त्रेपन्नच्या डिसेंबरातली सकाळ. शाळेत शिकवणारी कुसुम ठाण्याच्या मासुंदा तलावाकाठी भिवंडीच्या एस. टी.ची वाट पाहत बसली होती. शेजारच्या बाकावर एक म्हातारं जोडपं होतं. आजोबांच्या गळ्यात दुर्बीण होती, पण ती त्यांनी डोळ्यांना लावलीच नाही. पाण्याकडे पाहून आजीच त्यांना सांगत होत्या.

“दहा-बारा बदकं आहेत. शेपट्या टोकदार आणि माना पांढऱ्या.”

“तलवार बदकं. आली म्हणायची यंदाही.”

“आणि त्यांच्यापलीकडे एक वेगळाच पक्षी आहे. इतक्या वर्षांत मी नाही बघितला हा.”

“कसा आहे?”

“ते नाही सांगणार. मोतीबिंदू काढून घ्या आणि स्वतःच बघा.”

“अगं, दामल्यांचा डोळा गेला त्यात.”

“आणि त्यांच्या बहिणीचे दोन्ही बरे झाले. ते नाही तुम्ही कुणाला सांगत.”

“तोवर उडून जाईल तो.”

“थंडी संपेपर्यंत यांचा मुक्काम असतो, हे तुम्हीच मला शिकवलंत.”

“चोच तरी कशी आहे? चपटी का लांब?”

“वारा गार आहे, मफलर नीट घ्या.”

एस. टी. आली. कुसुम उठली, पण कंडक्टरने हाक मारली तरी तिचा पाय निघेना.

“नौपाड्यातले ते डॉक्टर सकाळी भेटतात का गं?”

“भेटतात. आज येतो म्हणून सांगून ठेवलंय मी.”

“बरं, चल मग. आता रंग तरी सांग.”

“पट्टी सुटली की तुम्हीच मला सांगा.”