आपला शेर

वसंतराव : हे काय, सूनबाई? अख्खी वखार दिली म्या शाळेला, अन् इथं माती, विटा, मधल्या तुळईला तराजू! उद्या तहसीलदार साहेब यायलेत उद्घाटनाला. पोरींची शाळा हाय का अडत?

चंद्रप्रभा : सूनबाई नका म्हणू. तुमचा मुलगा गेला अन् महिन्याच्या आत तुम्ही मला माहेरी धाडलंत. इथं सगळे मला बाई म्हणतात.

वसंतराव : बरं, बाई. बाकं कुठं हायत?

चंद्रप्रभा : मागच्या खोलीत. पाठांतर घरीही होतं. इथं पोरी हातानं शिकतील. त्या ओट्यावर मातीचा नकाशा होणार, वरून पाणी ओतलं की मांजरा नदी वाहील. पलीकडं सुतारकामाचं मेज. खिडक्या शिवप्पा गवंड्याकडून मुद्दाम खाली घेतल्यात, बसल्या जागी बाहेरचं दिसावं म्हणून.

वसंतराव : बाहेर मोंढा हाय, धान्याचा बाजार! पोरींनी मोंढा बघावा?

चंद्रप्रभा : बघावाच. बापाची ज्वारी कशी तोलतात ते तरी कळेल.

वसंतराव : माझी जागा हाय ही. उद्या काढून घेतली तर?

चंद्रप्रभा : घ्या की. दारावर तुमच्या नावाची फरशी बसलीय, तिला साहेब हार घालणार आहेत. त्यांच्यासमोरच मागा.

वसंतराव : सूड उगवायलीस तू माझ्यावर.

चंद्रप्रभा : हो, उगवतेय. किती वर्षं वाट पाहिली मी! बारा वर्षांची होते, दुकानातले दोन्ही शेर तोलून पाहिले होते. शेतकऱ्याकडून माल घ्यायचा तो जड, गिऱ्हाइकाला द्यायचा तो हलका. दोन्हींतला फरक पाटीवर मांडत बसले होते. तुम्ही पाटी ओढून चुलीत घातलीत. चौकट जळाली, पाटी तडकली. वर म्हणालात, बाईच्या हाताला लाटणं पुरे.

वसंतराव : त्या वक्ताची गोष्ट येगळी होती. आता आपल्या धाकट्याची लता घातलीच ना तुझ्या शाळेत?

चंद्रप्रभा : घातलीत. गुणाची पोर आहे. उद्या पहिला धडा तीच करून दाखवणार. पोरींचे बाप येतील बघायला. ग्यानोबा येईल, श्रीमंत येईल. सगळे तुमच्याकडंच माल घालणारे.

वसंतराव : धडा कशाचा?

चंद्रप्रभा : तोलायचा. शिक्क्याचा खरा शेर मी कचेरीतून मागवलाय. दुसरा पोरींनी घरून आणायचा होता.

वसंतराव : कोणी आणला?

चंद्रप्रभा : लतानं. तुमच्या गादीजवळचा. माल घ्यायचा तो.

वसंतराव : चंद्रा... हात जोडतो तुला. मोंढ्यात तोंड दाखवायला जागा राहणार न्हाई. पोरींना दुसरं काहीबी शिकव.

चंद्रप्रभा : त्या पाटीसाठी मी तर पाया पडले होते. लता! ये गं इकडं. आजोबा विचारतायत, काय शिकलीस?

(लता पळत येते.)

लता : आजोबा, सरकारच्या शेरापरीस आपला शेर जड भरला! आपलं पारडं भुईला टेकलं, सरकारचं वरच! उद्या सगळ्यांना दाखवणार हाय मी. तुम्ही पुढंच बसा, बरं का?