मंगळासमोर शांतता नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि संस्थेचे सचिव आदरणीय राजशेखरअप्पा, प्राचार्या महानंदा मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, आणि लातूर, निलंगा, देगलूरहून आलेले सरांचे आजी-माजी विद्यार्थी, सर्वांना नमस्कार. आणि सत्कारमूर्ती उमाशंकर सर, तुम्हाला आपल्याकडच्या रीतीनं शरणार्थ.

मी वर्षाराणी, सरांची शेवटची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. माझ्या आधी बोललेल्यांनी सरांची शिस्त सांगितली, सायकल सांगितली, चहाही सांगितला. सरांच्या ज्या शोधनिबंधामुळं आपल्या कॉलेजचं नाव बाहेर पोचलं, त्याचं नाव मात्र कुणीच काढलं नाही. का हो? तो चुकला म्हणून? मग मीच बोलते. अप्पा, घंटी जरा लांब ठेवा.

सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहत असतो. ग्रहासमोर तो अडतो. लातूरच्या गंजगोलाईच्या चौकात गर्दी झाली की पुढं गेलेल्या काही रिक्षा उलट्या फिरतात, आणि मागून येणाऱ्यांची धांदल चौकाच्या आधीच सुरू होते. मंगळासमोरही काही कण असेच माघारी फिरतात आणि येणाऱ्या वाऱ्याचं चुंबकीय क्षेत्र ढवळून काढतात. सरांचा निष्कर्ष असा होता की वारा जितका जोरात, तितकी ही खळबळ कमी. लोकांनी तो मानला, त्यावर पुढचं काम रचलं.

मी दाळमिलवाल्याच्या घरची. आमच्याकडं चाळणीखाली पडलेला चुरा, म्हणजे चुनी, पोत्यात भरण्याआधी मूठभर हातात घेऊन बघायची रीत आहे. चुनीत चांगली दाळ दिसली, तर चाळणी चुकीची. त्याच सवयीनं मी आमच्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमनं मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाच्या नोंदींतून काय काय टाकून दिलं, ते उघडलं. बघते तर काय, सगळी खळबळ तिथं पडलेली! मोठे झटके आले की ते उपकरणाचा दोष समजून प्रोग्रॅम काढून टाकायचा. वारा जोरात असला की झटके जास्त, म्हणून जास्त काढले जायचे. आणि आम्ही म्हणायचो, मंगळासमोर शांतता!

सरांना दाखवलं. त्यांनी टाकून दिलेल्या नोंदी एकेक करून तपासल्या.

"ही गाळणी कुणी लिवली?"

"सर, तुम्हीच."

"मग चूक बी माझीच हाय."

मी म्हटलं, "सर, तुमची रिटायरमेंट तोंडावर आलीय. नंतर बघू की."

सर भडकले. "नंतर म्हंजे कवा? मी गेल्यावर? लोक म्हणतील, पोरीनं मागून वार केला. तुझं सगळं काम त्यात बुडंल. मी खुर्चीवर हाय तवर मीच सांगतो."

आणि त्याच आठवड्यात सरांनी नियतकालिकाला कळवलं, "माझा निष्कर्ष चुकीचा होता, तो मागे घेतो."

त्यानंतर आपल्याच स्टाफरूममध्ये कुजबुज झाली, "जाता जाता नाव घालवून घेतलं बघा." कोण म्हणालं ते मला माहीत आहे, घाबरू नका, नाव घेत नाही. पण नाव घालवलं म्हणजे काय हो? सरांनी गप्प बसायचं ठरवलं असतं, तर आज इथं टाळ्या जास्त पडल्या असत्या. आणि माझ्या प्रबंधात मी जन्मभर एक खोटी शांतता सांभाळत बसले असते. सर, मला तुमचा फार अभिमान वाटतो. हे तुम्हाला तोंडावर सांगायची हिंमत आजवर झाली नव्हती.

दुरुस्त निष्कर्षाचा आमचा नवा निबंध स्वीकारला गेलाय. त्यात लेखक म्हणून सरांचं नाव पहिलं घालायचं मी ठरवलं होतं. ते म्हणाले, "माझं नाव पहिल्या ओळीत घाल, चुकलो म्हणून." तसंच छापून येणार आहे.

संस्थेचे, प्राचार्या मॅडमचे आणि इतका वेळ शांत बसलेल्या सभागृहाचे मनापासून आभार. बोलताना माझं काही चुकलं असेल, तर नुसती क्षमा मागून मी सुटणार नाही. सर, आत्ताच उभं राहून सांगा. माईक हातात आहे तोवर मीच दुरुस्त करते.