शपथपत्रातली चार वर्षं

शिष्यवृत्ती अडली तर कॉलेज सुटणार, या धास्तीनं मला आठवडाभर झोप नव्हती बाई. शेवटी पोरीला कडेवर घेऊन रिठदहून वाशीम गाठलं. कॉलेजातल्या बाबूंनी माझी बारावीची गुणपत्रिका अशी चिमटीत धरली, जशी काही मी तिच्यात भजी बांधून आणली होती.

“बारावीनंतर चार वर्षांचा गॅप काहून?”

“लग्न झालं. मग ही झाली.”

“ते नाई चालत. शपथपत्रात लिवा, या काळात मी काहीच केलं नाही.”

सकाळपासून चहा पिण्यापलीकडे काही न केलेला माणूस मला हे सांगत होता! आणि मी एवढी शिकलेली, तरी मुकाट्यानं पेन उघडलं. क्षणभर मला ते पटलंही.

पोरगी बाबूंकडे टक लावून म्हणाली, “मंग मी कुठून आली?”