जहाजाची सवत

माझा जन्म चुडाव्याचा. धर्मांतराच्या आधीचा, म्हनून नाव जुन्या चालीचं पडलं, गिरजा. वडील रेल्वेत गँगमन होते, रुळाच्या कडंनं हातोडा घेऊन फिरायचे, आन् आई लोकांच्या रानात खुरपायला जायची. आई मला गिरजा म्हनायची न्हाई, गिरजे म्हनायची, आन् फलाटावर गाडी उभी असली तरी इंजनाच्या वरून तिची हाक ऐकू यायची. पुढं आमच्या लोकांनी घरातले देव नदीला दिले, नवीन जन्मलेल्या लेकरांची नावं बुद्धाच्या घरची ठेवायला लागले, पर आमी आधीची लेकरं होतो ती तशीच राहिली, आमच्याकडं कुनी वळून बघितलं न्हाई.

लग्न झालं ताडकळसच्या अलीकडच्या खेड्यात. मालक तवा नुकतेच मानवतला हायस्कूलवर लागले होते, इतिहास शिकवायचे. त्यांना सगळा गाव मास्तर म्हनायचा, मी बी मास्तरच म्हनते. पांढरं पातळ नेसून मी मांडवात उभी राहिले, वंदना झाली, हार घातले, आन् मग मास्तरांनी माइक हातात घेतला आन् म्हनले की आजपासून वधूचं नाव सुजाता. टाळ्या पडल्या. देवीचं नाव आपल्यात आता नको, असं त्यांचं म्हननं. बुद्धाला खीर देनारी ती सुजाता, हे मला नंतर कळलं. नाव चांगलंच हाय, मी कवा वाईट म्हनलं न्हाई. पर मला इचारलं न्हाई कुनी. सासरी पहिले काही दिवस सासू सुजाता, सुजाता करून दमायची आन् मी आपली चुलीपुढं भाकरी थापत बसायची, मला काय माहीत ती मीच. सासूनं शेजारनीला सांगितलं, सून कामाची हाय पर कानानं अधू दिली बाई आमाला.

मग मानवतला खोली केली. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आन् मराठवाडा पेटला. आमच्या खेड्यात धाकट्या दिराचं घर जाळलं. दीर, जाऊ, लेकरं सगळी आमच्या एका खोलीत येऊन राहिली. काय सांगू तुमाला, त्या दिवसांचं मी जास्ती बोलत न्हाई. मास्तर मोर्च्याला जायचे, सत्याग्रहात जेलात बी जाऊन आले, आन् मी भाकरी बांधून द्यायची. त्या नावाचा मला कवा हेवा वाटला न्हाई. ते नाव आमच्या समद्यांचं होतं. मला हेवा वाटला तो दुसरीचा.

ती आली कोकनातून. दंगलीनंतर दोन-तीन वर्षं गेली असतील, हायस्कूलची सहल एस्टी करून कोकनात गेली. मास्तरांनी त्याच्या आधी समुद्र पाह्यलेला न्हवता, आमाला मोठं पानी मंजे गोदावरीचा पूर. तिथं एका किल्ल्याखालच्या गावात एका म्हाताऱ्याच्या घराला सागवानाचं एक जाडजूड तुळवट होतं, आन् त्या म्हाताऱ्यानं सांगितलं की हे लाकूड एका लढाऊ जहाजाचं हाय, फिरंग्याचं जहाज, आपल्या आरमारानं धरून आनलेलं. झालं. मास्तर घरी आले ते त्या लाकडाचं बोलत आले. लेकरांना खाऊ आनला न्हाई, शंखशिंपले आनले न्हाईत, म्हनले, सुजाता, मी तिच्यावर हात ठेवून आलो. आता जहाज मंजे ते असतं, आमी तरी ते म्हनतो. पर मास्तर ती म्हनायचे. साहेबाच्या भाषेत जहाजाला बाईच म्हनतात म्हने. मी म्हनलं, बरं, बाई तर बाई.

मग सुरू झालं. सुट्टी लागली की मास्तर पिशवी उचलायचे आन् औरंगाबाद, पुनं, मुंबई, जिथं कुठं जुनी बुकं असतील तिथं जायचे. तिची सगळी कथा त्यांनी गोळा केली आन् मला इतक्यांदा सांगितली की मलाच पाठ झाली. ती सागवानाची, तीन डोलकाठ्यांची, दोन्ही बाजूनं तोफा. नाकाडावर लाकडात कोरलेली एक बाई, छाती पुढं काढून उभी. एवढं मोठं धूड, पर वारा असला तर चालनार, न्हाईतर उभं. एके दिवशी भर समुद्रात वारा पडला. मग आपली बारकी बारकी गलबतं वल्ही मारत तिच्या पाठीमागून गेली, कारन तोफा बाजूला असतात, पाठ उघडी असते. कुत्री बैलाला धरत्यात तशी धरली तिला. तिच्या कप्तानानं निशान खाली घेतलं. तिला ओढून खाडीत आनली, निशान बदललं, त्या लाकडाच्या बाईला हळदकुंकू लावलं आन् नाव ठेवलं रनदुर्गा.

आता इथून पुढचं मास्तर सावकाश सांगायचे. म्हनायचे, दहा-बारा वर्षं ती आपल्याकडून लढली, तिच्याच जुन्या मालकाशी लढली, पर आरमारात तिच्यावर कुनाचा भरवसा बसला न्हाई. लढाईला निघताना तिला पुढं घालायचे, पहिले गोळे तिनं खायचे. आन् बंदरात आल्यावर नवं शिडाचं कापड आलं, डांबर आलं, की आधी आपल्या जहाजांना, उरलं तर तिला. शेवटी जुने मालक मोठं आरमार घेऊन आले, खाडीत सगळी जहाजं नांगरलेली होती, त्यांनी सगळ्यांना आग लावली, तिला बी. ज्यांनी बांधली त्यांनीच जाळली, आन् वळखली न्हाई. वाहून आलेली लाकडं लोकांनी घराला घातली. मास्तर म्हनायचे, सुजाता, तिचं पहिलं नाव काय होतं ते कुनालाच माहीत न्हाई बघ, ते मी हुडकून काढनार.

मी ऐकायची. समोर ताटं वाढलेली असायची. मास्तर जेवायचे, दीर जेवायचे, लेकरं जेवायची, आन् भगुन्यात राहिलं ते मी आन् जाऊ खायचो. जहाजाला डांबर शेवटी मिळालं म्हनून मास्तरांचा घास अडकायचा. माझं वरन संपलेलं त्यांना दिसायचं न्हाई. मास्तर वाईट मानूस न्हवते, कवा हात उगारला न्हाई, दारू न्हाई, पोरीला कॉलेजात घातलं. पर मी त्यांच्या नजरेपुढं होते आन् ती न्हवती, आन् जे नजरेपुढं असतं ते दिसत न्हाई.

शेजारची कडूबाई लय तोंडाळ. मास्तर पिशवी घेऊन निघाले की दारात उभी राहून म्हनायची, सुजाताबाई, मास्तर थोरलीकडं निघाले जनू? मी म्हनायची, जाऊ द्या, थोरलीला लेकरू न्हाई, माझं राज्य पक्कं हाय. हसायचो दोघी. पर ती गेल्यावर मला घरात बसवायचं न्हाई.

एकदा हायस्कुलात गॅदरिंगला मास्तरांनी तिचा नमुना करायचं काढलं. सुताराकडून लाकूड तासून आनलं, बांबूच्या डोलकाठ्या केल्या. सांच्याला मी बाजारातून आले तर जहाज खोलीच्या मधोमध उभं आन् त्याला पांढरीफेक शिडं. मी जवळ गेले. कापडाला काठाची बारीक निळी रेघ. माझं लग्नातलं पातळ, पेटीतून काढून कापलेलं. मास्तर लय खुशीत होते, म्हनले, तू नेसत न्हाईस ना आता, बघ कसं शोभतंय तिला. त्याच येळेला आई चुडाव्याहून आलेली होती, दाराशी पाय धूत होती. तिनं बघितलं आन् म्हनली, गिरजे, अगं तुझं पातळ नेसून ही कोन उभी हाय? मास्तर हसले. आई हसली न्हाई. नमुन्याला पहिला नंबर मिळाला. मी बघायला गेले न्हाई.

आई यायची तवा कोपऱ्यावरून हाक मारायची, गिरजे. गल्लीतल्या नव्या बायांना वाटायचं म्हातारी घर चुकली. साऱ्या जगात मला त्या नावानं हाक मारनारी तेवढीच राहिली होती, वडील गेलेले, भाऊ बारका, तो अक्का म्हनायचा. आन् मागच्या साली उन्हाळ्यात आई गेली. मला आई गेल्याचं दुःख होतंच, ते समद्यांना असतं. पर तिला मूठमाती देऊन आल्यावर मानवतच्या कोपऱ्यावर एस्टीतून उतरले आन् मला वाटलं, गिरजा पन तिथंच राहिली. हे मी कुनाला बोलले न्हाई. कुनाला सांगायचं, कोन इचारनार कोन गिरजा.

त्याच साली आमचं घर बांधून होत आलं होतं. नवीन वसाहतीत जागा घेतलेली, मी स्वतः विटांवर पानी मारलं, गवंड्याला चहा दिला, वाळू चाळली. दाराच्या वर मास्तरांनी गवंड्याकडून एक चौकोन गुळगुळीत करून घेतला होता, घराच्या नावासाठी. आमच्या वसाहतीत समद्यांच्या घराला नाव, कुनाचं तक्षशिला, कुनाचं यशोधरा. कडूबाई म्हनायची, तुमचं काय, सुजाता निवासच की. मला बी तसंच वाटत होतं. वरून मी काय बोलत न्हवते, पर वाटत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मास्तर मुंबईहून आले, हातात पेढ्याचा पुडा, तोंड असं फुललेलं की लेकीला नोकरी लागली का काय. म्हनले, सापडलं. तिचं पहिलं नाव सापडलं. क्लारा. पोरीच्या तोंडात पेढा घातला, माझ्या हातावर ठेवला. आन् म्हनले, सुजाता, मी ठरवलंय, घराला हेच नाव द्यायचं. क्लारा. कडूबाई दारात होती, ती म्हनली, मास्तर, आता किरिस्ताव होता काय? मास्तर म्हनले, अहो, जिचं नाव हिसकावून घेतलं तिला ते कुठंतरी परत द्यायला नको का?

मी पेढा ताटलीत ठेवला. कडूबाई गेली, पोरगी आत गेली. मी म्हनलं, मास्तर, माझं पहिलं नाव काय होतं?

मला वाटलं त्यांना आठवायचं न्हाई. खरं सांगते, मला तसंच पाहिजे होतं, मंजे भांडायला तोंड मिळालं असतं. पर ते लगीच म्हनले, गिरजा. हजेरी घ्यावी तसं म्हनले.

मी म्हनलं, ठाऊक होतं तर इतक्या वर्षांत एकदा तरी हाक मारायची.

ते म्हनले, अगं, ते नाव मंजे मागचं जिनं. मी तुला चांगलं नाव दिलं, मानाचं दिलं.

मी म्हनलं, तिला बी मानाचंच दिलं होतं की, रनदुर्गा. मग तिचं मागचं कामून हुडकत फिरलात?

मास्तर कुनापुढं बोलायला हटनारे न्हाईत. मोर्च्यात पोलिसापुढं बोललेत, हेडमास्तरापुढं बोललेत. त्या दिवशी त्यांनी पेढ्याचा पुडा उचलला आन् कपाटात ठेवला, बस. क्लाराचं नाव निघालं न्हाई परत. पर सुजाता निवास बी कुनी म्हनलं न्हाई, आन् दाराच्या वरचा चौकोन कोरा राहिला.

औंदा संक्रांतीला विद्यापीठाचं झालं. मास्तर अंगभर निळा गुलाल घेऊन आले, खुश बी होते आन् मनातून खट्टू बी. म्हनले, नामांतर मागितलं होतं, नामविस्तार दिला, जुनं ठेवलं आन् पुढं आपलं लावलं. इतकी वर्षं, इतकी मानसं गेली, आन् अर्धंच पदरात पडलं. मी त्यांचे गुलालाचे कपडे भिजत घातले. म्हनलं, अर्धं का होईना, त्यांनी जुनं पुसलं तर न्हाई.

दुसऱ्या आठवड्यात मास्तर पेंटर घेऊन आले. पेंटर शिडीवर चढला, ब्रश बुडवला, इचारलं काय लिहायचं. मास्तर माझ्याकडं बघून म्हनले, गिरजा लिही. समद्या गल्लीपुढं म्हनले, मोठ्यानं. मी तेवढ्यासाठी कितीक वर्षं थांबले होते म्हना ना. आन् काय झालं सांगू, ते नाव त्यांच्या तोंडून ऐकलं आन् मला ते माझं वाटलंच न्हाई. आईच्या तोंडात ते हाक होतं, इथं ते पाटीवरचं अक्षर होनार. त्यांनी मांडवात एक नाव दिलं तसं आता हे दुसरं द्यायलेत, मी आपली घ्यायची. मी पेंटरला म्हनलं, थांब बाबा. मास्तरांचंच नाव लिही. त्यांचं कुनी कवा बदललं न्हाई.

पेंटरनं मास्तरांकडं बघितलं. मास्तर म्हनले, लिही ती म्हनती तसं.

तर आता दारावर त्यांचंच नाव हाय, तुमी आत येताना वाचलं असंल. मास्तर हे साल संपलं की रिटायर होतेत. क्लारावर बारकं पुस्तक लिहायलेत, संध्याकाळी मला वाचून दाखवतेत, आन् मी ऐकते, चुकलं तिथं सांगते बी. मला आता सुजाताच म्हना, गल्ली तेच म्हनती, मी त्याच नावानं म्हातारी झाले. माझी पोर सुखात हाय, मास्तरांची तब्येत बरी हाय, अजून काय पाहिजे मानसाला. ती जहाजबाई पान्याखाली जिथं असंल तिथं निवांत राहो, तिचं वाईट मी चिंतत न्हाई. जळाली बिचारी. तिचं नाव तिला मिळालं, मिळायलाच पाहिजे होतं. पर माझ्या आधी मिळालं, आन् शोधनारा मानूस माझा होता. एवढं मात्र मला अजून सलतं.